'किरकोळ' अडचणींचा विचार

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी शुक्रवार ते रविवार असा एक अभ्यासवर्ग भरला होता. विषय मोठे होते. जात आणि वर्ग यांचा संबंध, खाजगीकरण आणि राखीव जागा, साहित्याची सामाजिक बांधिलकी. वर्गाची सारी जुळवाजुळव ज्याने केली तो तरुण कार्यकर्ता, माझा एकेकाळचा विद्यार्थी, दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. निरोप आला, घरी अडचण आहे. कोणीतरी विचारले, कसली अडचण? निरोप्याने सांगितले, गॅस संपलाय, पत्रा गळतोय, पोरीच्या फॉर्मचं काहीतरी झालंय, म्हातारीला बरं नाही. वर्गात हशा पिकला. एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "असल्या किरकोळ कारणांनी चळवळ थांबणार असेल तर कठीण आहे." मीही हसलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुढे सहा महिने तो कोणत्याही कार्यक्रमात दिसला नाही. चळवळीच्या पीछेहाटीची मीमांसा करताना आपण गटबाजी, नेतृत्वाचा स्वार्थ, सत्तेची आमिषे यांवर पानेच्या पाने लिहितो. ते सारे खरेच आहे. पण जी माणसे कोणाला विकली गेली नाहीत, कोणत्या गटात गेली नाहीत, भांडलीही नाहीत, नुसती हळूहळू दिसेनाशी झाली, त्यांचे काय झाले हा प्रश्न आपण विचारीत नाही. त्यांतल्या पुष्कळांना त्यांच्या घरानेच गिळले. आणि घराने गिळले म्हणजे नेमके काय झाले हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मी त्याच्या घरी गेलो तो दिवाळीनंतर. तो बी. ए. झालेला, रोजंदारीवर वायरिंगची कामे करतो. बायको खुरपणीला, सोयाबीन काढणीला जाते. मुलगी तेव्हा बारावी होऊन पुढच्या प्रवेशाच्या खटपटीत होती, मुलगा आठवीत. घरात त्याची आई. जुलैच्या त्या आठवड्यात काय काय झाले ते मी त्याच्या बायकोला विचारले, कारण त्याला स्वतःला ते क्रमाने सांगता येईना. ती म्हणाली, "काय सांगावं गुरुजी, एक निस्तरलं की दुसरं हुबंच. साडेसातीच लागली बघा आमच्या घराला." मी वही काढली आणि वारानिशी लिहून घेतले.

घरात दोन फोन नंबर. त्यांतल्या एकाचे रिचार्ज संपून बरेच दिवस झाले होते. पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर दुसरा नंबर चालू आहे, हा नंतर भरू, म्हणून राहिले होते. सोमवारी मुलीच्या जात पडताळणीचा अर्ज भरायला ते सेवा केंद्रावर गेले. ओटीपी नेमका त्या बंद नंबरवर जाणार होता. अर्ज अडला. मंगळवारी रिचार्ज करून तो पुन्हा गेला, म्हणजे कामाचा खाडा झाला. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. मंगळवार हाच बचतगटाच्या नावाने घेतलेल्या कर्जाचा हप्त्याचा वार. रोज बुडालेला, म्हणून गॅसला ठेवलेले पैसे हप्त्यात गेले. बुधवारी सकाळी गॅस संपला. चूल पेटवावी तर पत्रा गळून सरपण ओले झालेले. स्वयंपाकाला उशीर झाला, खुरपणीची टोळी टेंपोत बसून निघून गेली, तिचाही रोज बुडाला. गुरुवारी पुन्हा तेच. सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या सोमवारीच संपल्या होत्या, त्या उद्या आणू, उद्या आणू म्हणत राहिल्या. शुक्रवारी तो कसाबसा वर्गाला आला. संध्याकाळी म्हातारी चक्कर येऊन मोरीत पडली. शनिवारी आम्ही हसलो तेव्हा तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत केसपेपर घेऊन उभा होता.

हा सगळा वृत्तांत मी मुद्दाम इतक्या बारकाव्याने दिला आहे. ऐकताना सात अडचणी वाटतात. पण वहीत खाली लिहून बाण काढले तेव्हा दिसले की ती एकच अडचण होती आणि ती सात दारांतून फिरली. साडेसातीचा शनी येथे कोठे नव्हता. अडीचशे रुपयांच्या आतले एक रिचार्ज होते.

कोणी म्हणेल, निष्काळजीपणाच तो. हे म्हणणे मला मान्य नाही. माझ्या स्वतःच्या घरी रिचार्ज राहते, गॅस संपतो, स्लॅब गळतो. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत नोकरी केली. गॅस संपला तर जोड सिलिंडर होता. नळाला पाणी आले नाही तर टाकी होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मला वर्षाकाठी हक्काच्या काही रजा होत्या. त्यांचे नाव काय, तर किरकोळ रजा. पगारदार माणसाच्या किरकोळ अडचणींची सोय व्यवस्थेने करून ठेवली आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची अडचण किरकोळ असते, पण तिला किरकोळ रजा नसते. अडचण सर्वांच्याच घरी येते. शिल्लक जेथे असते तेथे ती येऊन थांबते. शिल्लक नसेल तेथे ती पुढच्या अडचणीला ढकलते. ही शिल्लक पैशांचीच असते असे नाही. वेळेची असते, जागेची असते, कागदांची असते, ओळखीची असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याकडे यांपैकी काहीही साचू दिले गेले नाही. म्हणून 'अडचणींचा डोंगर' हा वैयक्तिक दुर्दैवाचा विषय नाही. तो सामाजिक विषय आहे, आणि येथे त्याची चर्चा त्याच अंगाने करायची आहे.

मानसशास्त्राने या विषयाकडे बऱ्याच उशिरा लक्ष दिले. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या अमेरिकन संशोधकांनी आयुष्यातील ताण मोजण्यासाठी ४३ घटनांची एक यादी केली. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, लग्न ५० गुण, अशी. म्हणजे ताण येतो तो मोठ्या घटनांनी, अशी कल्पना. पुढे १९८१ मध्ये कॅनर, लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील शंभर मध्यमवयीन माणसांचा अभ्यास केला आणि त्यांना आढळले की माणसाच्या मनाच्या तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो. हरवलेली वस्तू, वाढता खर्च, न संपणारे काम. ती माणसे बहुतांशी गोरी आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी होती. त्यांची ही गत, तर ज्यांच्या यादीत हप्ता, पाणी आणि दाखला आहे त्यांची काय असेल? आपल्या आयाबायांना हे कोणी कॅलिफोर्नियाहून सांगायला नको होते. मेलेल्या माणसाचे दुःख गाव वाटून घेते, रोजच्या काचाला कोणी दारात येत नाही, हे त्यांना ठाऊकच होते.

दुसरा एक अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरील काम प्रसिद्ध झाले. त्याच शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात रिकामा असताना, आणि पैसे हाती आल्यानंतर, अशा दोन वेळा बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीच्या वेळी त्यांना कमी गुण पडले. माणूस तोच, डोके तेच. ओढाताणीने डोक्यातली जागाच व्यापलेली असते, हिशेब सतत चालू असतो आणि दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष. त्यावर पुढे वादही झाले, आणि आपणही तो सावधपणे हाताळला पाहिजे. कारण यातून 'गरिबांना अक्कल कमी' असा अर्थ काढणारे पुष्कळ निघतील. अर्थ नेमका उलट आहे. पैसे हाती येताच तेच डोके चालू लागते, याचा अर्थ दोष डोक्यात नव्हता. आमच्याकडची ऊसतोड कामगारांची उचल आठवा. पुढच्या हंगामाचे श्रम आधीच विकून बसलेल्या माणसाला 'तू दूरचा विचार करीत नाहीस' असे म्हणणे म्हणजे त्याचा दूरचा काळ कोणी विकत घेतला हे विसरणे होय.

आता या डोंगराचे घटक थोडे वेगवेगळे पाहू.

कागद. आपल्या घरांवर कागदाचा भार इतरांपेक्षा अधिक आहे, हे फारसे बोलले जात नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकातील नोंद, जन्ममृत्यूची नोंद. ज्या आजोबांना शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांच्या शाळेचा उतारा आणा म्हणायचे, यातला विरोधाभास कोणाच्या लक्षात येत नाही असे नाही, पण अर्जात विरोधाभास लिहायला रकाना नसतो. मग नातू त्या गावी जातो, जेथून आजोबा दुष्काळात उठून आले. मुख्याध्यापक रजेवर असतात. परत येतो. दोन दिवस, दोन तिकिटे. यावर एक उपाय आहे आणि तो आपल्या हातातला आहे. वडिलांकडील रक्तनात्यात एकाचे जरी पडताळणी प्रमाणपत्र झालेले असेल तरी पुढच्यांचे काम पुष्कळ सोपे होते. पण भावकीत बांधावरून, लग्नातल्या मानपानावरून अबोला असतो आणि चुलता प्रमाणपत्राची झेरॉक्स देत नाही! मी अशी तीन घरे पाहिली. ऐक्याची भाषणे करणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी भावकीतली एक झेरॉक्स मिळवून दिली तर ते लहान काम ठरणार नाही.

पाणी आणि वेळ. २०११ च्या जनगणनेत देशातील सर्व कुटुंबांपैकी सुमारे ४७ टक्के कुटुंबांच्या आवारात पिण्याचे पाणी होते. अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. त्यानंतर नळजोडण्या वाढल्या, पण नळ येणे आणि नळाला पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या वस्तीत चौथ्या दिवशी पाणी येते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणजे त्या दिवशी घरातली एक बाई घराला बांधली जाते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. या मिनिटांत वाट पाहणे धरले आहे की नाही कोण जाणे. आणि लक्षात ठेवणे तर नक्कीच धरलेले नाही. गोळ्या किती उरल्या, हप्ता कधी, गॅस हलवून पाहिला तर किती वाजतो, दाखल्याची मुदत, पाण्याचा वार, हे सारे एकाच डोक्यात चालू असते, आणि ते डोके बहुधा बाईचे असते. तिचा नवरा मला म्हणाला होता, "मी तिला सगळ्यात मदत करतो गुरुजी." तिने त्याच्याकडे नुसते पाहिले.

मग हप्ता. लहान कर्जांची जी साखळी गेल्या काही वर्षांत वस्त्यावस्त्यांत पसरली आहे तिच्यात आठवड्याचा एक वार संपूर्ण घराचा मालक होऊन बसतो. मिळकत अनियमित आणि परतफेड घड्याळासारखी नियमित. या दोहोंच्या मधला खड्डा रोज काहीतरी मोडून भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या एकूण कर्जफेडीचा बोजा मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. वसुलीवाल्याने सकाळी ९ च्या आत आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करता कामा नये. आणि ठरलेल्या ठिकाणी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच वसुलीसाठी घरी जाता येते. निम्मे उत्पन्न फेडीत जाण्यालाही नियमाची मान्यता आहे, ही गोष्ट वेगळी! पण रात्री दारात येऊन बसणाऱ्या माणसाला 'हे नियमात नाही' असे सांगता येते, एवढे तरी प्रत्येक घराला माहीत हवे. माझ्या माहितीतल्या किती तरी बायका त्या रात्रीच्या बसण्याच्या धास्तीनेच सावकाराकडे शेकडा दहाने गेल्या.

या सर्वांवर आपल्या समाजाने, आणि चळवळीनेही, आजवर जे उत्तर दिले ते एका शब्दात सांगता येईल. सोस. जुन्या काळी ते कर्माच्या नावाने सांगितले जाई. आता त्यागाच्या नावाने सांगितले जाते. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले, त्या काळात परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी चालवला. पाच मुलांपैकी चार गेली. १९३५ च्या मे महिन्यात त्या स्वतः गेल्या. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्या अर्पणपत्रिकेत चणचणीच्या आणि विवंचनेच्या त्या एकाकी दिवसांचा स्पष्ट उल्लेख आहे. बाबासाहेब ते दिवस विसरले नव्हते. आपण मात्र रमाईला त्यागमूर्ती केले, जयंतीला हार घातला आणि त्या घरातला हिशेब बंद केला. त्याग म्हटले की मग पाणी कोणी भरले, औषधाला पैसे कोठून आले, हे विचारावे लागत नाही. फलटणच्या बेबी कांबळे दुकान सांभाळून, घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहीत होत्या. 'जिणं आमुचं' त्या चोरलेल्या वेळेतून आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले तेव्हा कोठे घरचे सारे उरकून सभांना जाणाऱ्या आंबेडकरी स्त्रिया आपल्याला थोड्याफार दिसल्या. त्यांचे घर त्यांच्याकरिता कोणी उरकले होते काय?

कोणी असेही म्हणतात की जीवन दुःखमय आहे हे बुद्धानेच सांगितले, मग कुरकुर कशाला? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांच्या या निराशावादी मांडणीबद्दलच प्रश्न उपस्थित केला आहे, हे त्यांनी एकदा वाचून पाहावे.

मग करायचे काय? व्यवस्था बदलेपर्यंत पत्रा गळतच राहणार काय? काही मित्र म्हणतात की अशा उपायांची चर्चा म्हणजे सुधारणावाद, गरिबांना गरिबी नीट सांभाळायला शिकवणे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. परंतु तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी जोड सिलिंडर आहे, हेही मला दिसते. ज्याचे डोके सतत हप्त्यात आणि गोळ्यांत अडकले आहे तो व्यवस्था बदलायला येणार कधी? म्हणून त्या घरात आम्ही काय केले ते सांगतो. तो आदर्श नव्हे, अनुभव आहे.

पहिली गोष्ट, डोक्यातले बाहेर काढले. भिंतीवर खडूने लिहिले. लिहिल्यावर ओझे कमी होत नाही, पण त्याचा आकार दिसतो, आणि निराकार ओझे सर्वांत जड असते. मग प्रत्येक अडचणीला विचारले, हिला तारीख आहे काय? ही पडून राहिली तर वाढते काय? की नुसती टोचते? दाखल्याला तारीख होती. सावकाराचे व्याज आणि म्हातारीच्या गोळ्या पडून राहिल्या की वाढत होत्या. फुटलेला बेसिन, शेजारणीशी भांडण, मुलाचा दप्तरासाठी हट्ट, ही टोचणारी होती. टोचणाऱ्या गोष्टी सर्वांत जास्त आवाज करतात आणि सर्वांत जास्त शक्ती खातात. त्या आम्ही 'संक्रांतीनंतर' असे लिहून बाजूला ठेवल्या. सोडून दिल्या नाहीत, वार ठरवून ठेवल्या. दोहोंत फरक आहे. वार ठरला की ती गोष्ट रात्री उठवीत नाही. आणि दर वेळी हे पाहिले की स्वस्तातली अशी कोणती गोष्ट आहे जी इतर दोनचारांना अडवून बसली आहे. ती आधी. त्या आठवड्यात ती गोष्ट रिचार्ज होती. दुसऱ्या घरात ती एखादी सही असेल, सायकलचे पंक्चर असेल.

दुसरी गोष्ट वाटपाची. नवऱ्याने 'मदत' करायची नाही, तर काही कामे पूर्णपणे स्वतःची मानायची, आठवणीसकट. गोळ्या त्याच्याकडे आल्या. म्हणजे आणणेही त्याचे आणि संपत आल्या हे कळणेही त्याचेच. पहिल्या महिन्यात तो दोनदा चुकला. बायकोने आठवण केली नाही, कारण तसे ठरले होते. मला वाटते त्या महिन्यात तो जात आणि पितृसत्ता यांवरील कोणत्याही वर्गात शिकला नसता इतके शिकला. आईला रास्त दुकानात अंगठ्याची अडचण होती. खडी फोडून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. ते काम आठवीतल्या मुलाने घेतले. अंगठा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. पोराने त्या छापून खिशात ठेवल्या. दुकानदार पहिल्यांदा चिडला, मग त्याने नातवाचा अंगठा घेतला.

तिसरी गोष्ट शिल्लकीची, आणि तिथे एकटे घर कमी पडते. वस्तीतल्या आठ बायकांनी एक डबा केला. आठवड्याला ५० रुपये. त्यातून कोणाचा गॅस, कोणाच्या गोळ्या, कोणाचे तिकीट, पंधरा दिवसांत परत, व्याज नाही. हा बचतगट नव्हे, बँकेकडे जायचे नाही, कागद नाही. एकदा तो लग्नात मोडला, पुन्हा सुरू झाला. मोठी कर्जे त्यातून फिटणार नाहीत हे उघड आहे. त्याचा उपयोग एवढाच की मंगळवारचा खड्डा बुधवारी गॅसमध्ये पडत नाही.

कचेरीत एकट्याने जायचे नाही, हेही ठरले. एकटी बाई गेली की 'उद्या या', दोघीतिघी गेल्या की खुर्ची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यात अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत आहे, अर्जाची पोच द्यावी लागते, मुदत टळली तर अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड झालेला अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. पण पोच मागणारी बाई पाहिली की टेबलापलीकडचा आवाज बदलतो, हे पुष्कळदा पाहिले आहे.

राहता राहिले मन. अडचणी साचल्या की राग जेथे उतरायला हवा तेथे उतरत नाही. कचेरीतला अपमान लेकराच्या पाठीवर उतरतो, मुकादमाची शिवी बायकोच्या वाट्याला येते, आणि पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत तो गुत्त्यात बुडवला जातो, ज्याने दुसऱ्या दिवशीचा रोजही बुडतो. बायकांचा राग बहुधा अंगात मुरतो. डोके धरते, पाठ धरते, छातीत धडधडते, झोप लागत नाही. अंगारा लावला जातो, नाहीतर इंजेक्शन. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, जगू नये असे वाटते, असे असेल तर ते 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तेथे मराठीत बोलता येते. कार्यकर्त्याने तेथे फोन लावला म्हणून तो कमकुवत ठरत नाही. आपल्यातल्या काही चांगल्या माणसांच्या शोकसभा आपण घेतल्या, त्यांच्या घरी मात्र त्याआधी वर्षभर कोणी गेले नव्हते.

त्या घरातले सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पत्रा अजून गळतो, एका जागी कमी. शेकडा दहाचे कर्ज फिटले, हप्त्याचे चालू आहे. मुलीच्या पडताळणीला पाच महिने लागले. त्या वर्षीचा प्रवेश हुकला, पुढच्या वर्षी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिच्या प्रमाणपत्राच्या बारा झेरॉक्स काढून भावकीतल्या घरोघर दिल्या. ज्या चुलत्याने तिला स्वतःची दिली नव्हती त्यालाही एक दिली.

यंदाच्या अभ्यासवर्गाच्या तयारीच्या बैठकीला तो आला, आणि या वेळी त्याची बायकोही आली. तारखा ठरत होत्या. आम्ही सवयीने शुक्रवार ते रविवार म्हणालो. ती म्हणाली, शनिवारी वस्तीला पाणी येतं, त्या दिवशी कोणची बाई येईल? कोणी हसले नाही. मग विषयपत्रिका बाजूला ठेवून आधी वस्तीवार पाण्याचे दिवस लिहून काढले. त्याला पाऊण तास लागला. वर्ग आता दोन रविवारी मिळून होणार आहे, आणि मुलांना सांभाळायला कॉलेजातले चार विद्यार्थी पाळीपाळीने बसणार आहेत.